कल्याणचे बंदर आणि पस्तीस कार्षापणांचा भाव

दोन राज्यांच्या नाण्यांचा भाव बाजार ठरवतो. त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडणार, हे मात्र सत्ता ठरवते. प्राचीन कल्याणची हकिगत हेच सांगते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार रोमन सोन्या-चांदीची नाणी देऊन भडोचला स्थानिक नाणी घेतली, तर व्यापाऱ्याला नफा होई. याच ग्रंथात कल्याण ‘कल्लिएना’ या नावाने येते. पूर्वी ही अधिकृत बाजारपेठ होती. पुढे तिच्यावर निर्बंध आले आणि इकडे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. जहाजांमागोमाग नाणेबदलीचा नफाही तिकडेच गेला असणार.

भडोचवर तेव्हा क्षत्रप नहपानाचा अंमल होता. त्याचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेणे क्रमांक १० मधील लेखात भावच कोरलेला आहे: एका सुवर्णाला ३५ कार्षापण, म्हणून ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा नव्याने मारलेला आहे. चांदी तीच राहिली, धनी बदलला.

सातवाहनकाळातील कान्हेरीच्या दानलेखांत कल्याणचे व्यापारी पुन्हा भेटतात. बंदर सावरले होते, याची ही दगडातली साक्ष.