डॉज कोण देतं आणि नाव कुणाला पडतं?

'काय डॉज दिला राव!' फुटबॉलच्या मैदानावर पोरगं समोरच्याला हूल देऊन पुढं गेलं की ही दाद ठरलेली. पण हाच शब्द गावच्या कारभारात आला की त्याचा वास बदलतो. प्रश्न डॉज केला, जबाबदारी डॉज केली.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून लेखी सापडतो. डिकन्सने 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या बिलंदर खिसेकापू पोराला नावच दिलं, आर्टफुल डॉजर. म्हणजे निसटणारा तो लबाड, हे तेव्हाच ठरलेलं.

पण मला जास्त खटकते ती ब्रुकलिनची गोष्ट. 1890 च्या दशकात तिथं घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्रॉली आल्या. रस्ते तेच, माणसं तीच, वेग मात्र भलताच. माणसं चिरडून मेली, त्यात लहान पोरं बरीच. जी वाचली ती उड्या मारत रस्ता ओलांडायची, म्हणून लोक त्यांना चेष्टेनं म्हणू लागले 'ट्रॉली डॉजर्स'. तिथल्या बेसबॉल संघालाही तेच नाव चिकटलं. 1958 साली संघ लॉस एंजेलिसला गेला, नाव सोबत घेऊन. आज त्या नावाच्या टोप्या आपल्याकडची पोरंही घालतात. गंमत बघा, गाडी पळवणारा बाजूला राहिला आणि नाव पडलं जीव वाचवणाऱ्याला.

व्हिएतनाम युद्धात सक्तीची सैन्यभरती टाळणाऱ्यांना 'ड्राफ्ट डॉजर' म्हणायचे. मुहम्मद अलीलाही तीच शिवी मिळाली. वास्तविक रिंगणात ठोसे चुकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण इथं त्यानं काहीच चुकवलं नाही. 28 एप्रिल 1967 ला ह्यूस्टनच्या भरती केंद्रावर स्वतः हजर राहून, सगळ्यांसमोर नकार दिला. किताब गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली, साडेतीन वर्षं रिंगण बंद. 1971 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती शिक्षा रद्द केली. तोंडावर 'नाही' म्हणणाऱ्याला पळपुटा म्हणायचं, हे मला आजही पटत नाही. कॅनडात गेलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना अध्यक्ष कार्टर यांनी 1977 मध्ये माफी दिली.

आता आपल्या हायवेकडं या. शेतात जाणाऱ्या बाया डबा डोक्यावर घेऊन चार लेन ओलांडतात. कुणाला धडक बसली की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न, 'मधी कशी आली?' भुयारी रस्ता का नाही, हे विचारायला गेलो तर एक कार्यालय म्हणतं हद्द त्यांची, दुसरं म्हणतं काम यांचं. फाईल इकडून तिकडं. अस्सल डॉज याला म्हणतात, पण डॉजर म्हणून यांना कुणी ओळखत नाही.

दोन्हीकडची उत्तरं माझ्या वहीत तारखेसकट आहेत. पेरण्या सुरू व्हायच्या आत परत जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा.