स्मृतिभ्रंश : विस्मरणाच्या वाटेवरील सोबत

'साठी बुद्धी नाठी' या म्हणीने मराठी समाजाची मोठी सोय करून ठेवली आहे. घरातील वृद्ध व्यक्ती एकच प्रश्न दहा वेळा विचारू लागली, जेवण झाल्यावर पुन्हा पान वाढण्याचा आग्रह धरू लागली किंवा रोजच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, की हा वयाचा दोष आहे, असे म्हणून विषय संपवला जातो. पुढे संशय, रात्रीची भटकंती, घरच्या माणसांची पुसट होत जाणारी ओळख अशी लक्षणे दिसू लागली, की 'म्हातारचळ' चार लोकांना दिसू नये यासाठी धडपड सुरू होते. लग्नकार्यांची आमंत्रणे टाळली जातात, येणे-जाणे थांबते. आजारी व्यक्तीबरोबरच तिचा सांभाळ करणारी पत्नी, मुलगी किंवा सूनही चार भिंतींत बंदिस्त होते. स्मृती जाणे थांबवता येत नसले तरी हे एकाकीपण टाळता येते, या विचारातून जगभर रुग्ण आणि काळजीवाहकांचे स्नेहगट उभे राहिले आहेत.

आजाराची व्याप्ती

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया हा एक आजार नसून अनेक आजारांतून निर्माण होणारा लक्षणसमूह आहे. स्मृतीबरोबरच भाषा, दिशा व वेळेचे भान, निर्णयशक्ती आणि दैनंदिन व्यवहार यांवर त्याचा परिणाम होतो. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका महिला रुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन प्रथम मांडले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा अल्झायमर हा आजार स्मृतिभ्रंशाच्या ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये आढळतो. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळे हे दुसरे प्रमुख कारण होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश होता. भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींमध्ये त्याचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात मांडण्यात आला. आजार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे उपचारांचा मोठा भार घरच्या माणसांवर पडतो. जगभरात या काळजीच्या तासांपैकी सुमारे ७० टक्के तास स्त्रियांच्या वाट्याला येतात.

नेदरलँड्समधील प्रयोग

या स्नेहगटांचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे 'अल्झायमर कॅफे'. नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ डॉ. बेरे मीसेन यांनी १९९७ मध्ये लायडन परिसरात त्याची सुरुवात केली. आजाराविषयी मोकळेपणाने बोलणे अनेक कुटुंबांना, अगदी पतिपत्नींना परस्परांशीही जमत नाही, असे त्यांच्या लक्षात आले होते. रुग्णालयाबाहेर, चहा-कॉफीच्या टेबलाभोवती रुग्ण, नातेवाईक आणि तज्ज्ञ एकत्र आले तर ही कोंडी फुटू शकेल, अशी त्यांची धारणा होती.

या बैठकीला ठरलेली घडी आहे. ती साधारणपणे महिन्यातून एकदा भरते आणि तिचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे पाच भाग असतात. आरंभी स्वागत व चहापान, नंतर एखाद्या विषयावर तज्ज्ञाचे भाषण किंवा रुग्ण अथवा नातेवाइकाची मुलाखत, मग संगीतासह मध्यंतर, त्यानंतर प्रश्नोत्तरे आणि शेवटी अनौपचारिक गप्पा. वर्षभरातील विषय आजाराच्या क्रमाने लावलेले असतात. निदानापासून आरंभ करून वर्तनातील बदल, कायदेशीर व्यवहार, संस्थेत ठेवण्याचा निर्णय, असा हा प्रवास असतो. रुग्णाच्या पाठीमागे त्याच्याविषयी बोलण्याऐवजी त्याच्या उपस्थितीत आणि त्याच्याशी बोलणे, हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य होय.

ब्रिटनमध्ये २००० मध्ये असा पहिला कॅफे सुरू झाला. अमेरिकेत २००८ पासून 'मेमरी कॅफे' या नावाने ही कल्पना रुजली. जपानने तर त्याआधी शब्दापासूनच सुरुवात केली. तेथे या आजारासाठी वापरला जाणारा जुना शब्द मूर्खपणा सुचवणारा असल्याने डिसेंबर २००४ मध्ये सरकारने तो बदलला. पुढे राष्ट्रीय धोरणात स्मृतिभ्रंश कॅफेंचाही समावेश झाला.

गटाने काय साधते?

गटाचा पहिला लाभ माहितीचा असतो. औषधाची मात्रा डॉक्टर सांगतात. पण आंघोळीला ठाम नकार देणाऱ्या वडिलांना कसे राजी करावे, 'मला माझ्या घरी जायचे आहे' असे स्वतःच्याच घरात म्हणणाऱ्या आईला काय उत्तर द्यावे, हे त्याच अनुभवातून गेलेली व्यक्ती अधिक नेमकेपणाने सांगू शकते. दुसरा लाभ अपराधभावनेतून सुटकेचा. सतत तोच प्रश्न ऐकून आवाज चढला आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली, ही कबुली नातेवाइकांसमोर देता येत नाही. गटात ती दिली, की समोरचे चारजण मान डोलावतात.

या लाभाला संशोधनाचाही आधार आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी रुग्णांच्या ४०६ पती-पत्नींचा दीर्घकाळ अभ्यास केला. समुपदेशन, आधारगट आणि गरजेनुसार दूरध्वनीवरून सल्ला मिळालेल्या गटात रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सरासरी ५५७ दिवसांनी लांबली, असा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांसाठीही गट उपयुक्त ठरतात. ब्रिटनमध्ये २०१ रुग्णांच्या चाचणीत आठवड्यातून दोनदा याप्रमाणे १४ सत्रांत शब्दखेळ, गप्पा व चालू घडामोडींवरील चर्चा घेण्यात आली. त्यातून आकलनशक्ती व जीवनमान या दोहोंत सुधारणा दिसल्याचे २००३ मध्ये नोंदवले गेले.

महाराष्ट्र आणि गोवा

भारतात या कार्याचा संघटित आरंभ केरळमधून झाला. डॉ. जेकब रॉय कुरियाकोस यांच्या पुढाकाराने १९९२ मध्ये 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली आणि पुढे अनेक शहरांत तिच्या शाखा निघाल्या. मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या डिग्निटी फाउंडेशनने रुग्णांसाठी दिवसभराच्या केंद्रांचा मार्ग स्वीकारला.

गोव्यातील प्रयोग विशेष उद्बोधक आहे. तेथे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन ८१ कुटुंबांमध्ये घरपोच मार्गदर्शनाची चाचणी घेतली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काळजीवाहकांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले; रुग्णांच्या लक्षणांच्या तीव्रतेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. आजार तोच राहूनही सांभाळणाऱ्याचे ओझे हलके होऊ शकते, हा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात स्वमदत गटांची परंपरा नवी नाही. मानसिक आजार आणि पार्किन्सन्स या क्षेत्रांतील गटांनी रुग्णासाठी 'शुभार्थी' आणि काळजीवाहकासाठी 'शुभंकर' हे शब्द रूढ केले आहेत. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रे, वाचनालयांची सभागृहे ही तयार जागा आहे. 'अस्तु' या २०१३ मधील चित्रपटातील डॉ. मोहन आगाशे यांच्या संस्कृत पंडिताच्या भूमिकेने हा विषय मराठी घरांत पोहोचवला. परंतु अनेक ज्येष्ठ नागरिक संघांत एखादा सभासद विसरू लागला, की तो हळूहळू येईनासा होतो आणि त्याची चौकशीही मागे पडते. गटाची गरज नेमकी तेथेच असते.

मर्यादा आणि पथ्ये

गट म्हणजे उपचार नव्हे. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपचार शक्य असतात. म्हणून वैद्यकीय निदान आधी व्हायला हवे. आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर गर्दी आणि गोंगाट रुग्णाला सोसत नाही. तेव्हा केवळ काळजीवाहकांची बैठक अधिक योग्य. मोठी अडचण मात्र वेगळीच असते. ज्या स्त्रीला गटाची सर्वाधिक गरज, तिलाच घरातून दोन तास निघता येत नाही. त्या वेळेत रुग्णाजवळ बसण्यासाठी स्वयंसेवकांची व्यवस्था नसेल, तर बैठकीला येतात ते मदतनीस ठेवणे परवडणारेच.

नवा गट सुरू करण्यासाठी मोठा निधी लागत नाही. तळमजल्यावरील किंवा उद्वाहन असलेली शांत जागा, जवळच स्वच्छतागृह, ठरलेला वार व वेळ, चहा, ओळखीची जुनी गाणी आणि प्रश्नांना उत्तरे देणारा एक डॉक्टर किंवा समाजकार्यकर्ता एवढी तयारी पुरेशी आहे. प्रत्येकाच्या छातीवर ठळक अक्षरांत नावाची पट्टी असावी, म्हणजे नाव विसरल्याची लाज कोणालाच वाटत नाही. बैठकीत सांगितलेली घरगुती गोष्ट बाहेर जाणार नाही, हे पथ्य आरंभीच स्पष्ट करावे.

जवळपास गट नसल्यास ज्येष्ठांसाठीची 'एल्डरलाइन' १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची 'टेलीमानस' १४४१६ या शासकीय दूरध्वनी सेवांवरून मार्गदर्शन मिळू शकते. दरवर्षी २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिनानिमित्त व्याख्याने होतात, फेऱ्या निघतात. पण खरा आधार मिळतो तो त्यानंतरच्या प्रत्येक महिन्यातील एका साध्या संध्याकाळी. शुभार्थी ती संध्याकाळ कदाचित दुसऱ्या दिवशी विसरेल. पण त्याला तेथे घेऊन आलेली व्यक्ती पुढचा महिनाभर त्या बळावर त्याचा सांभाळ करील.