नऊ पाहुणे, एक यजमान

परदेशी निधीचा प्रकल्प म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला: पैसे कोण देतंय? दुसरा प्रश्न, काम कुणाबरोबर करायचं, हा बहुतेकदा प्रपोजल पाठवायच्या आदल्या रात्री उरकला जातो. ज्याचं नाव मोठं, त्याचा लोगो पहिल्या पानावर. पण मंडळी, हा दुसरा प्रश्न किती दूरवर जातो ते बघायचं असेल तर आपल्या आयआयटींचा इतिहास चाळायला हवा.

१९५० चं दशक संपता संपता आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत भारताने चार आयआयटींसाठी चार वेगवेगळे हात धरले. मुंबईला युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशिया, मद्रासला पश्चिम जर्मनी, कानपूरला अमेरिका, दिल्लीला ब्रिटन. संस्था एकाच जातकुळीच्या, भागीदार मात्र चार. ठरवून प्रयोग करायला गेलो असतो तरी इतका छान जमला नसता :)

यातल्या दोन प्रयोगांत एक मराठी माणूस अगदी आतून होता. डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे केळकर आधी पवईच्या आयआयटीचे नियोजन अधिकारी झाले आणि मग डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरचे पहिले संचालक.

पवईला मदत भरघोस मिळाली. युनेस्कोमार्फत ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ आले, आपल्या प्राध्यापकांना रशियात प्रशिक्षणासाठी २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या, शिवाय यंत्रसामग्री. पवईच्या प्रयोगशाळा त्यावर उभ्या राहिल्या, हे ऋण मान्यच करायला हवं. पण तज्ज्ञ, यंत्रं आणि प्रशिक्षण सगळं एकाच देशातून यायचं, म्हणजे निवडीला वाव कमी. लग्नाचं सगळं सामान एकाच दुकानातून घ्यायचं ठरलं की दुकानात जे असेल ते आपल्याला आवडतं!

कानपूरची गोष्ट वेगळी झाली, आणि त्यामागे चक्क एक नकार आहे. आधी बोलणी चालली होती ती एकट्या एमआयटीशी. एमआयटी एकटीने हे ओझं घ्यायला राजी नव्हती. शेवटी नऊ संस्थांचा गट बनला: एमआयटी, कॅलटेक, प्रिन्स्टन, बर्कली, पर्ड्यू, मिशिगन, ओहायो स्टेट, कार्नेगी आणि केस. पैसा अमेरिकन सरकारचा, कार्यक्रमाची मुदत १९६२ ते १९७२.

नऊ जण म्हणजे खरं तर गोंधळच व्हायचा. तो टळला याची मला तीन कारणं दिसतात. एक, नऊ जणांशी नऊ पत्रव्यवहार नव्हते, समन्वयाला एकच संस्था होती. दोन, नऊ ठिकाणची माणसं आल्यामुळे कुणा एकाची झेरॉक्स काढायचा प्रश्न उरला नाही, घासाघीस करून कानपूरचा स्वतःचा अभ्यासक्रम बनवावा लागला. आणि तीन, पाहुणे शिकवायचे, सल्ला द्यायचे, पण संचालकाच्या खुर्चीत केळकर होते.

परिणाम आपल्या धंद्याच्या जवळचा आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये कानपूरला आयबीएम १६२० आला. तो काचेआड ठेवला नाही, विद्यार्थ्यांना त्यावर फोरट्रान शिकवलं. जी संस्था १९६० मध्ये दुसऱ्या कॉलेजच्या कँटीनच्या इमारतीत सुरू झाली होती, तिथे तीन वर्षांत हे! १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू करणाऱ्यांपैकी नारायण मूर्ती १९६९ चे याच कानपूरचे एम.टेक.

आता दुसरी बाजू. भागीदार नुसतं ज्ञान आणत नाही, आपली दिशाही आणतो. अमेरिकन धर्तीवर शिकलेली हुशार पोरं अमेरिकेलाच गेली, बरीचशी तिथेच राहिली. भागीदार निवडताना आपली माणसं पुढे कुणीकडे बघणार हेही आपण नकळत निवडत असतो. ही किंमत करारात कुठे लिहिलेली नसते.

१९७१ च्या युद्धात भारत-अमेरिका संबंध पार बिघडले. १९७२ मध्ये कानपूरचा कार्यक्रम संपला, पाहुणे गेले. तोवर केळकर संचालक म्हणून पवईला परतले होते, आणि १९७३ मध्ये तिथलीही युनेस्कोची मदत थांबली. दोन्हीकडे वर्ग चालूच राहिले.

तेव्हा पुढच्या वेळी भागीदारांची यादी कराल तेव्हा प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवा: हा निघून गेल्यावर आपल्याकडे काय उरेल? मोठी मोठी नावं तिथे कोरी राहतात, बघा.