शोलावरमची धावपट्टी

चेन्नईजवळच्या शोलावरमला दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी धावपट्टी बांधली गेली. युद्ध संपलं, विमानं गेली, मोटारसायकली आल्या. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे अनेक वर्षं शर्यती भरवल्या. १९९० मध्ये चेन्नईजवळच्याच इरुंगाट्टुकोट्टईला शर्यतींसाठी खास ट्रॅक झाला, सुमारे ३.७ किलोमीटरचा.

अशा ट्रॅकवर रोजची मोटारसायकल घेऊन उतरायचं म्हणजे आधी तिचे आरसे काढायचे आणि हेडलाइटवर चिकटपट्टी मारायची. काच फुटली तरी तुकडे सांडू नयेत.

रस्त्यावर जपून चालवणाऱ्याची नजर कायम चाकापुढच्या खड्ड्यावर. आपल्याकडे ती जगण्याचीच अट! ट्रॅकवर ना खड्डा, ना समोरून ट्रक. नजर वळणापलीकडे न्यावी लागते. आरसे नाहीत, तेव्हा धडक टाळायची काळजी मागून येणाऱ्यानेच घ्यायची, हे मात्र नवख्याला पटता पटत नाही.