चोडण : बांधाआडचा इतिहास

देहूरोडकरांना कुंपणाची सवय असते. संरक्षण खात्याच्या तारांपलीकडे झाडी टिकते, अलीकडे वस्ती वाढत जाते. माणसाला बाहेर ठेवले की निसर्ग आपोआप सुरक्षित राहतो, हा समज त्यामुळे आमच्या अंगवळणी पडलेला. गोव्यातील चोडण बेटावरचे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य पाहायला आम्ही गेलो ते हाच समज बरोबर घेऊन.

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की बेटाच्या पश्चिम टोकाला हे अभयारण्य लागते. क्षेत्रफळ जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. १९८७ मध्ये सालिम अली निवर्तले. पुढच्याच वर्षी ते घोषित झाले. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. तिवरांची श्वासमुळे चिखलातून वर आलेली, त्यांच्यामधून बगळे सावकाश पावले टाकत होते. हे सारे अनादि काळापासून असेच असावे, असे वाटत राहिले.

प्रत्यक्षात या कांदळवनाचा बराच भाग बुडालेल्या खाजन शेतीवर उभा आहे. खाजन म्हणजे मातीचा बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. बांधातील ‘मानस’ या दाराची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला उघडते. पावसाने मीठ धुऊन निघाले की कोरगुट भात पिके, दाराशी मासळी मिळे. बांधांची निगा गावकरी संस्था सामुदायिकपणे राखीत. पोर्तुगीज सत्तेने १५२६ च्या फोरालमध्ये या संस्थेच्या रूढी नोंदवल्या, त्या निर्माण केल्या नाहीत. गोवामुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला, तो न्याय्यच होता. बांधांची जबाबदारीही कुळांच्या संघटनांकडे आली. परंतु अनेक ठिकाणी जुन्या सामुदायिक निगराणीची जागा त्या भरून काढू शकल्या नाहीत. खनिजवाहू बार्जांच्या लाटांनीही बांध पोखरले. बांध फुटला की खारे पाणी आत येते आणि पाण्यामागून तिवर येते.

म्हणजे आम्ही ज्याला अस्पर्श निसर्ग समजत होतो, त्याच्या तळाशी कित्येक पिढ्यांचे श्रम आणि एका व्यवस्थेची पडझड आहे. पक्ष्यांना येथे आसरा मिळाला याचा आनंद खराच. पण तेवढाच सांगितला तर अर्धा इतिहास गाळला जातो. साहित्यातील निसर्गवर्णने शिकताना आणि शिकवताना, ही जमीन आधी कोणाची होती आणि तिचे रूप कशाने पालटले, हे आपण कितीदा विचारतो? परतीच्या फेरीबोटीतून आमची नजर पक्ष्यांऐवजी बांधाची रेघ शोधत होती.