उत्तम कापूस कोणाचा?

मराठीत ‘गादी’ हा शब्द राज्यपद, मठाधिपत्य आणि सावकाराची पेढी या तिन्हींसाठी रूढ आहे. ज्या वस्तूवरून हे अर्थ विस्तारले, त्या कापूस भरलेल्या अंथरुणाचा इतिहास मात्र आपण सहसा लिहीत नाही. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तो लिहू गेल्यास एक मूल्यविषयक प्रश्न पुढे येतो: उत्तम कापूस कशाला म्हणावे, आणि ते कोणी ठरवावे?

१८५३ मध्ये वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा तुटला आणि येथील कापसाला अकस्मात महत्त्व आले. गिरणीला हवा होता लांब व तलम धागा. त्यासाठी मध्य प्रांत व वऱ्हाडकरिता कापूस-आयुक्त नेमला गेला. त्या पदावर आलेल्या रिव्हेट-कार्नॅक यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी ‘बणी’ या तलम जातीच्या रक्षणाचा आग्रह धरला. शेतकऱ्यांचा कल मात्र उत्तरोत्तर ‘जरी’ या जाडसर, आखूड धाग्याच्या कापसाकडे वळला. सरकी वेगळी केल्यावर त्यात रुई अधिक उतरे आणि पीकही तुलनेने काटक होते. सरकारी अहवालांना हा ऱ्हास वाटला. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो हिशेब होता.

गादीच्या दृष्टीने पाहिले तर गिरणीचे मूल्यमापन नेमके उलटे होते. लांब, मऊ तंतू अंगाच्या भाराने लवकर दबून बसतात. आखूड व खरबरीत तंतूंना स्वतःची उसळी असते, म्हणून ते पुन्हा फुगतात. सूतगिरणीने हिणकस ठरवलेला कापूस पाठीला मात्र उत्तम ठरतो. हे ज्ञान पिंजाऱ्याजवळ होते. पिंजणाची ताणलेली तात झंकारली की वर्षानुवर्षे दबलेल्या कापसाचे गोळे सुटत, धूळ उडे आणि तोच कापूस पुन्हा खोळीत भरून टाके घातले जात. गादी बदलण्याचा अर्थ बहुधा एवढाच होता. शिवाय ती साऱ्यांच्या वाट्याला येत नसे. कापूस पिकवणारे कुटुंब पुष्कळदा जुन्या लुगड्या-धोतरांच्या वाकळेवरच निजे.

या उत्तम कापसालाही एक मर्यादा आहे, आणि ती समुद्रावर उघडी पडते. वऱ्हाडच्या दाबलेल्या गठाणी मुंबईहून जहाजांच्या पोटातून परदेशी गेल्या. परंतु त्याच जहाजावरील कोठडीत निजणाऱ्यासाठी कापसाची गादी सोयीची नव्हे. कापूस दमट हवेतील पाणी शोषतो, जड होतो, त्याला बुरशी चढते. म्हणून बोटीवरच्या गाद्यांत आणि जीवरक्षक जाकिटांत ‘कपोक’ वापरला जाई. हा सावरीच्या कुळातील वृक्षाचा मेणचट, पोकळ तंतू. तो सहजी भिजत नाही आणि पाण्यावर तरंगतो. त्याची सख्खी बहीण, काटेसावर, यवतमाळच्या रानांत फाल्गुनात तांबडीलाल फुलते. तिचा कापूस गुळगुळीत असल्याने सूत धरत नाही, म्हणून बाजाराने त्याला कापूस मानलेच नाही. उशी मात्र त्याची उत्तम होते.

१९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतले आणि दोस्त राष्ट्रांचा कपोक अडला. तेव्हा अमेरिकेत शाळकरी मुलांकडून एका रानटी झुडपाच्या शेंगा गोळा करवल्या गेल्या. ते झुडूप आपल्या बांधावरच्या रुईचे आप्त. एरवी तण म्हणून उपटले जाणारे रोप काही काळ खलाशांच्या प्राणांची हमी झाले. वस्तूची प्रत वस्तूतच नसते, ती मागणाऱ्याच्या गरजेतही असते, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढील काही वर्षांतच अमेरिकन कुळातील संकरित वाणांनी यवतमाळची शेते व्यापली. आखूड धाग्याचा देशी कापूस तुरळक उरला. गादीत आता गिरणीतील टाकाऊ तंतू, काथ्या किंवा फोम असतो. फोम बोटीवर काय, घरात काय, सोयीचाच आहे. परंतु तो दबला की टाकावाच लागतो, पिंजता येत नाही. एखादा विषय तळापासून शोधणे याला आपण अजूनही ‘पिंजून काढणे’ म्हणतो. त्या क्रियेत वस्तू जुनी म्हणून टाकली जात नसे, मोकळी करून पुन्हा वापरात आणली जाई. वाक्प्रचार वर्गात शिकवताना त्यामागचा हा व्यवहारही सांगितला पाहिजे. कारण तात झंकारताना ऐकलेली पिढी आता थोडीच उरली आहे.