मातृभाषेतील गृहशिक्षण : टागोरांचे उदाहरण
मुलांना घरीच, मातृभाषेतून व तिच्यातील वाङ्मयाच्या आधारे शिकवण्याची पद्धत. रवींद्रनाथ टागोरांचे (१८६१–१९४१) बालपण हे तिचे ठळक उदाहरण. कोलकात्याच्या जोडासाँको वाड्यात, इंग्रजीचा बोलबाला असतानाही, थोरले बंधू हेमेंद्रनाथ यांनी धाकट्यांचे शिक्षण आग्रहाने बंगालीतून चालवले. पहाटे कुस्ती, मग नीलकमल घोषाल मास्तरांकडे ‘चारुपाठ’ हे बंगाली पाठ्यपुस्तक, पदार्थविज्ञान आणि मायकेल मधुसूदन दत्तांचे ‘मेघनादवध काव्य’. इंग्रजीची पाळी संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात डुलक्या घेत. रवींद्रनाथ शाळेतही जात, पण तिथे रमले नाहीत.

घरचे सारेच गोड नव्हते. ‘मेघनादवधा’सारखे काव्य भाषेच्या धड्यासाठी राबवल्याचा राग रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृती’त (१९१२) उमटला आहे. खरी गोडी लागली ती अभ्यासाबाहेर : घरातल्या एका वृद्धेची बंगाली कृत्तिवासी रामायणाची जीर्ण प्रत घेऊन हा मुलगा आईच्या खोलीच्या दाराशी बसला, करुण प्रसंगाशी रडू लागला, आणि पुस्तक हातून काढून घेतले गेले.

पुढे ‘शिक्षार हेरफेर’ (१८९२) या निबंधात रवींद्रनाथांनी मातृभाषेतील शिक्षणाचा जोरदार पुरस्कार केला; ‘सहज पाठ’ (१९३०) हे बंगाली प्राथमिक वाचनपुस्तक त्यांनी स्वतः लिहिले, चित्रे नंदलाल बसूंची.